कानांनी वाचलेला ‘धूमकेतू’

पुस्तक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. टेबल, खुर्ची, दिवा, शांत खोली आणि पानांवर खिळलेली नजर. परंतु आपल्यापैकी किती जणांच्या घरी असे टेबल आहे? किती जणींना सकाळी सहा ते नऊ या वेळात दोन्ही हात मोकळे मिळतात? सडा, झाडलोट, पाणी, भाकरी, भांडी असा क्रम ज्यांच्या घरी चालतो, त्यांच्या वाट्याला पुस्तक येते ते रात्री, डोळे मिटू लागल्यावर. हात कामात असले तरी कान मात्र रिकामे असतात. या रिकाम्या कानांनी पुस्तक वाचता येते का, त्यातही विज्ञानकथेसारखा, एकेका वाक्याला थांबून विचार करावयास लावणारा प्रकार कामाच्या धबडग्यात पेलतो का, याचा मी गेल्या वर्षभर एक लहानसा प्रयोग केला. त्या प्रयोगातून जे हाती आले ते या लेखात मांडीत आहे.

श्रवणाची जुनी वाट

काम आणि शब्द यांची सोबत आपल्याकडे नवी नाही. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण नुसती म्हण नव्हे, तो आपल्या आज्या-पणज्यांचा रोजचा अनुभव होता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बायांना अक्षर येत नव्हते. बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली.

आपल्या विदर्भापुरते बोलावयाचे तर गाडगेबाबांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव. बाबा शाळेत गेले नव्हते आणि त्यांच्यासमोर बसलेले लोकही बहुतांशी निरक्षर होते. तरीही नवस, बळी, अंगात येणे यांविषयी प्रश्न विचारून त्यांनी माणसांना विचार करावयास लावले, ते केवळ कानांच्या वाटेने. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’सुद्धा आपल्याकडे एकट्याने वाचण्यापेक्षा चारचौघांत बसून ऐकण्याचाच ग्रंथ आहे. पुढे रेडिओ आला. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर घरोघरी कामे करता करता ते ऐकले गेले. म्हणजे ऐकणे हे आपल्याला वाचण्याइतके, किंबहुना त्याहूनही जवळचे आहे.

बोलणाऱ्या पुस्तकांचा जन्म

पाश्चात्त्य देशांत बोलके पुस्तक जन्मास आले ते अंधांच्या गरजेतून. पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली. ब्रेल लिपी प्रौढ वयात बोटांना शिकविणे सोपे नव्हते. म्हणून ग्रामोफोनच्या तबकडीवर पुस्तक वाचून ठेवण्याची कल्पना निघाली. अमेरिकेत १९३४ मध्ये व इंग्लंडमध्ये १९३५ मध्ये अशी पुस्तके अंधांना मिळू लागली. इंग्लंडमधील पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. तबकडीच्या एका बाजूस सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावे. एक कादंबरी ऐकावयाची तर तबकड्यांचा ढीगच लागे.

विज्ञानकथेचे आणि कानांचे नातेही तसे जुनेच आहे. एच. जी. वेल्स यांच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीवरील नभोनाट्य ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी सादर केले. मंगळावरून स्वारी झाल्याची बातमीच सांगितली जात आहे, अशी त्याची रचना होती. काही श्रोत्यांना ते खरे वाटले आणि ते घाबरले. वृत्तपत्रांनी ही घबराट फुगवून सांगितली, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. परंतु जे घाबरले त्यांपैकी अनेकांनी कार्यक्रम सुरुवातीपासून ऐकला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिचा उल्लेख पुढे येणारच आहे.

आज तबकड्या गेल्या, कॅसेटी गेल्या. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि मराठी पुस्तके मोबाईलवर ऐकण्याची सोय झाली. मात्र त्यास महिन्याची वर्गणी लागते. मी निराळा मार्ग धरला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून पुस्तक आणले आणि रात्री घर निजल्यावर हलक्या आवाजात वाचून मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रित केले. एका पानाला मला दोन-अडीच मिनिटे लागत. सकाळी फोन रिकाम्या गंजात ठेवला की आवाज चांगला मोठा येतो. थोडा पत्र्यासारखा येतो खरा, पण चुलीजवळ बसल्या बसल्या स्पष्ट ऐकू येतो. असे माझे घरचे बोलके पुस्तक तयार झाले.

लेखकाची निवड

यासाठी मी डॉ. जयंत नारळीकर यांच्या कथा निवडल्या. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. तेथील शिक्षण संपवून नारळीकर केंब्रिजला गेले व फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी झाले. हॉईल स्वतःही विज्ञानकादंबऱ्या लिहीत. १९७२ मध्ये नारळीकर भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे ते पहिले संचालक.

त्यांच्या कथालेखनाच्या आरंभाची हकीकत मोठी गमतीची आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने धाडली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातून लिहून घेतली. ‘जगताप’ यांना पहिले पारितोषिक मिळाले आणि मग खरे नाव उघड झाले. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह आला. २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. इंग्रजीत लिहिणे त्यांना कठीण नव्हते. तरी त्यांनी मराठीत लिहिले म्हणूनच माझा हा प्रयोग होऊ शकला, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

कोणते काम, कोणती कथा?

पहिला धडा मला लवकरच मिळाला. सर्वच कामे श्रवणास सारखी नसतात. तूर किंवा तांदूळ निवडणे, भाजी चिरणे, कापडाच्या घड्या घालणे ही कामे सर्वांत चांगली. त्यांत हात सवयीने चालतात आणि आवाज होत नाही. भाकरी थापताना कथा ऐकता येते, परंतु भाकरी तव्यावर पडली की लक्ष तिकडे जाते आणि एक-दोन वाक्ये सुटतात. भांडी घासताना आणि धुणे धुताना तर काहीच हाती लागत नाही. पाण्याचा आणि भांड्यांचा आवाज कथेच्या वर चढतो. झाडताना माणूस फोनपासून दूर जातो.

दुसरा धडा कथेच्या जातीचा. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ चे पानिपतचे युद्ध मराठ्यांनी जिंकलेले आहे. (ही कथा इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात घेतली गेली आहे.) पंत शहरातून फिरतात, पाट्या वाचतात, ग्रंथालयात जातात, तो भाग कामात सहज ऐकता आला. परंतु शेवटी त्यांचा मित्र असे का घडले याची शास्त्रीय उपपत्ती सांगू लागतो, तेथे मी अडखळले. तो भाग मला तीन वेळा मागे नेऊन ऐकावा लागला, आणि तरीही समजला तो पुस्तक उघडून, बोट ठेवून वाचल्यावरच. कानाला मागचे पान उलटता येत नाही. ऐकलेले वाक्य पुढच्या वाक्याने पुसले जाते.

तिसरा धडा शब्दांचा. माझी आई शाळेत गेलेली नाही. सुरुवातीला ती नुसती जवळ बसून आपले काम करी. एके दिवशी तिने विचारले, “हे कृष्णविवर म्हंजे कृष्णदेवाचं होय काय?” मी सांगितले की येथे कृष्ण म्हणजे काळा आणि विवर म्हणजे खोल भोक. त्यात पडलेले काहीच बाहेर येत नाही. ती म्हणाली, “मंग काळी विहीर म्हन ना.” उपमा चांगली होती. फक्त विहिरीतून दोराने पाणी तरी वर काढता येते, येथून प्रकाशाचा किरणही सुटत नाही, एवढी दुरुस्ती मी केली. शब्द छापलेला पाहिला की आपण तो ओळखतो आणि पुढे जातो. समजलाच असे नाही. ऐकणारा मात्र अर्थ विचारतो, आणि मला कळून चुकले की कृष्णविवराचा अर्थ मी स्वतःलाही कधी नीट विचारला नव्हता.

‘धूमकेतू’ आणि आईचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. ‘धूमकेतू’ ही नारळीकरांची प्रसिद्ध कथा. कोलकात्यातील दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक. निवृत्तीनंतर ते दुर्बिणीपाशी रात्री घालवतात आणि एके रात्री त्यांना नवा धूमकेतू सापडतो. त्यास त्यांचे नाव मिळते, सत्कार होतात. धूमकेतू अशुभ असतो असे पत्नी इंद्राणीदेवींना वाटते, दत्तदा ते हसण्यावारी नेतात. पुढे इंग्लंडमधील एका शास्त्रज्ञाच्या गणितानुसार तो धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे दिसते. घबराट होऊ नये म्हणून बातमी गुप्त ठेवली जाते. दत्तदांना इंग्लंडला बोलावले जाते. अवकाशयान पाठवून, स्फोट घडवून धूमकेतूची वाट बदलण्याचे ठरते. दत्तदा घरी परततात तर घरात शांतीचा यज्ञ चालू! संकट टळते. ते विज्ञानाने टळले असे दत्तदांना ठाऊक असते आणि यज्ञाने टळले असे पत्नीला वाटते.

मी ही कथा वाचली तेव्हा तिचे तात्पर्य मला स्पष्ट वाटले : विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा. मी वहीत तसे लिहूनही ठेवले होते. ध्वनिमुद्रण पाऊण तासाचे झाले. आईने ते तूर निवडताना दोन बैठकांत ऐकले. कथा संपली. आई काही वेळ बोलली नाही. मग सुपावरून नजर न काढता म्हणाली, “काहून वं, त्या बाईले कोनी सांगतलं होतं का?”

“काय सांगायचं?” मी विचारले.

“समदं. नवऱ्याले मालूम होतं. तो इलायतेले जाऊन आला. घरच्या बाईले एक शब्द नाई सांगतला. मंग थे देवाचं नाई करन त काय करन?”

बातमी गुप्त ठेवणे भागच होते, असे मी म्हणाले. त्यावर आई म्हणाली, “अन् त्याच्या आधी? दुर्बिनीतून एखांद्या रात्री तिले दाखवलं असतं त?”

मला उत्तर सुचले नाही. मी पुन्हा पुस्तक उघडले. कथेत दोष काढावा एवढी माझी योग्यता नाही, आणि लेखकाचा रोख अंधश्रद्धेवर आहे, तो योग्यच आहे. यज्ञाने धूमकेतू हटत नाही, ही गोष्ट आईलाही मान्य होती. परंतु तिने जे ऐकले ते मी वाचताना मला दिसले नव्हते. त्या घरात दुर्बीण आली, कीर्ती आली, परदेशचे आमंत्रण आले, आणि ज्ञान मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबले. जिला काही सांगितलेच नाही तिला अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे असते.

मग मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली लोणारची. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची लवणासुराची कथा तिला ठाऊक होती. पण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा आकाशातून आलेला पाषाण काळ्या कातळावर आदळून झाला, हे ठाऊक नव्हते. म्हणजे कथेतले संकट कोण्या दूरदेशीचे नव्हे, त्याची खूण आपल्याच वऱ्हाडात आहे. दुसरी गोष्ट अलीकडची. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने ‘डार्ट’ नावाचे यान डायमॉर्फस या लहानशा खगोलावर मुद्दाम आदळविले. डायमॉर्फस एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. त्या फेरीस पूर्वी ११ तास ५५ मिनिटे लागत, धडकेनंतर ती सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली. डायमॉर्फसपासून पृथ्वीला धोका नव्हता, ही केवळ चाचणी होती. कथेतल्याप्रमाणे स्फोट न करता नुसत्या धडकेने काम झाले. येणाऱ्या खगोलाची वाट माणसाला बदलता येईल, ही कथेतली कल्पना अशी प्रत्यक्षात उतरू लागली आहे.

आईने विचारले, “मंग हे समदं तुले कालेजात शिकवते?” मी हो म्हणाले, पण ते पुरते खरे नव्हते. यातले बरेचसे मी या कथेच्या निमित्तानेच शोधून वाचले होते. आणि त्याहून बोचणारी गोष्ट अशी की दीड वर्ष मी महाविद्यालयात जात होते, घरी येऊन पुस्तके फळीवर ठेवीत होते, आणि त्यांत काय आहे हे मी आईला एकदाही सांगितले नव्हते. तिला काय समजणार, असे मी मनातल्या मनात ठरवून टाकले होते. दत्तदांपेक्षा मी निराळी कोठे होते? त्यांच्यावर निदान गुप्ततेचे बंधन तरी होते.

आक्षेपांचा विचार

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, असे मला एका जाणकारांनी सांगितले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ऐकून शुद्धलेखन येत नाही. परीक्षेत उतारा लिहिता येत नाही. गणित, आकृती, अवघड उपपत्ती यांना डोळेच हवेत. शिवाय कामात ऐकणारा माणूस मध्येच उठतो. ‘धूमकेतू’ ऐकताना आई पाणी भरण्यास गेली आणि परत आली तेव्हा तिला वाटले की धूमकेतू आदळून चुकला. १९३८ च्या त्या अमेरिकन श्रोत्यांची मला आठवण झाली. अर्धवट ऐकलेली विज्ञानकथा ही अफवेची सख्खी बहीण होऊ शकते.

परंतु यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की ऐकण्याला पुस्तकाची आणि बोलण्याची जोड हवी. असा प्रयोग कोणाला करावयाचा असल्यास माझा अनुभव असा : कथा लहान घ्यावी, एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक ऐकू नये, आवाज न होणारे काम निवडावे, आणि उठताना ध्वनिमुद्रण थांबवावे. अवघड भाग त्याच दिवशी पुस्तकात पाहावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकट्याने कानात घालून ऐकण्यापेक्षा घरातल्या माणसांना ऐकू जाईल असे लावावे. यात अभ्यासाचाही लाभ आहे. मोठ्याने वाचून मुद्रित करताना जे वाक्य आपल्याला समजलेले नाही, ते आवाजात लगेच ओळखू येते. माझ्या मुद्रणात अशी कितीतरी वाक्ये आहेत.

समारोप

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. ‘प्रत्येक नागरिक’ या शब्दांत माझी आईही येते. तिला वाचता येत नाही म्हणून ते कर्तव्य तिला माफ नाही, आणि तो हक्कही तिला नाकारता येणार नाही. तिच्यापर्यंत विज्ञान पोहोचविण्याचे काम शाळेने केले नाही, ते आता मला केले पाहिजे. आमच्या घरातून महाविद्यालयात जाणारी मी पहिलीच असेन, तर तेथून काही घेऊन परत येणारीही पहिली मीच असले पाहिजे.

हा लेख लिहीत असताना आईने विचारले, “काय लिहून रायली?” मी सांगितले. “मंग वाचून दाखव,” ती म्हणाली. मी वाचला. तिने एकच दुरुस्ती सुचविली : तूर दोन बैठकांत नव्हे, तीन बैठकांत निवडून झाली होती. कथा दोन बैठकांत संपली होती, तूर उरली होती. तेव्हा पुढची कथा लवकर भरून ठेव, असे तिचे सांगणे आहे.